45 दिवसांचा हिशेब

भोसरीतल्या एखाद्या लहान वर्कशॉपवाल्याला धंदा कसा चाललाय असं विचारा. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, आठ-दहा कामगार असा त्याचा पसारा असतो. ऑर्डर नाहीत अशी तक्रार तो क्वचितच करतो. "काम आहे हो, पेमेंट नाही," हे मात्र हमखास ऐकायला मिळतं. लहान उद्योगाचं पुढचं वर्ष कसं जाईल, हे देशाच्या विकासदराच्या अंदाजापेक्षा या एका वाक्यावर जास्त ठरतं. ऑर्डर वाढल्या आणि पैसे अडकले, तर वाढलेल्या ऑर्डरच त्याला बुडवतात.

ते कसं होतं, हे आकड्यांतच पाहू. समजा, जूनमध्ये त्यानं 10 लाखांचे पार्ट बनवून दिले. 18 टक्के जीएसटी धरून बिल झालं 11 लाख 80 हजारांचं. पार्टीनं 90 दिवसांची मुदत सांगितली आहे, म्हणजे पैसे सप्टेंबरात. स्टीलवाला मात्र रोख मागतो. पगार दर महिन्याला, महावितरणचं बिल दर महिन्याला, मशीनचा हप्ता दर महिन्याला. आणि बिलावरचा जीएसटी, कच्च्या मालावरचं इनपुट क्रेडिट वजा जाता, जुलैमध्येच भरावा लागतो. पार्टीचे पैसे आले की नाही, याच्याशी सरकारला देणंघेणं नसतं. हातात न आलेल्या पैशावरचा कर तो खिशातून भरतो. बँकेची सीसी लिमिट आधीच वापरून झालेली असली, की पाऊल खासगी सावकाराकडे वळतं.

यावर कायदा आहे, आणि तो चांगला आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 सालचा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्यानं, लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे दिले पाहिजेत, असं तो सांगतो. करारात 90 दिवस लिहिले असले, तरी 45 दिवसांपुढची मुदत कायदा मानत नाही. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. फेब्रुवारी 2023 पासून दोन वर्षं बँक रेट 6.75 टक्के होता, म्हणजे हे व्याज 20.25 टक्के होत होतं. शिवाय हे व्याज खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

आता दिवस मोजायचे कुठून, हा प्रश्न बारीक आहे आणि बहुतेकांचं नुकसान इथंच होतं. मोठ्या कंपनीच्या गेटवर तुमच्या चलनावर शिक्का बसतो, "माल मिळाला, तपासणीच्या अधीन". त्यानंतर त्यांच्या स्टोअरमध्ये माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, निघेपर्यंत दहा दिवस जातात, बिल सिस्टीममध्ये चढायला आणखी आठ. अकाउंट्सवाले म्हणतात, आमचे दिवस बिल चढल्यापासून. कायदा असं म्हणत नाही. माल पोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा दिवस धरला जातो. फोनवर "दोन पीस रिजेक्ट आहेत" म्हटलेलं लेखी हरकतीत बसत नाही. म्हणून गेटवरचा तारखेचा शिक्का असलेली चलनाची प्रत फाइलमध्ये राहिली पाहिजे. त्या कागदाची किंमत बिलाइतकीच आहे.

दुसरा कागद उद्यम नोंदणीचा. जुलै 2020 पासून ही नोंदणी ऑनलाइन होते आणि ती पूर्ण मोफत आहे. त्यासाठी एजंटला पैसे देण्याचं काहीच कारण नाही. ती माल देण्याआधी झालेली असावी, नंतर केलेल्या नोंदणीवरून कोर्टात वाद झालेले आहेत. नोंदणीचा नंबर आणि "सूक्ष्म" किंवा "लघु" हा दर्जा खरेदी ऑर्डर (पीओ) स्वीकारल्याच्या ईमेलमध्ये आणि प्रत्येक बिलावर छापा. 1 एप्रिल 2025 पासून मर्यादा वाढल्या आहेत: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत लघु. काही मध्यम उद्योग यामुळे पुन्हा लघु झाले, त्यांनी आपला दर्जा तपासून घ्यावा. निव्वळ व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी होते खरी, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उशिराच्या पेमेंटचं हे संरक्षण त्यांना मिळत नाही.

इतका कडक कायदा असताना पैसे का अडकतात? कारण तक्रार लहानानं करायची असते. ज्याच्याकडून आपलं निम्मं काम येतं, त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करणार? मला वाटतं, या सगळ्या विषयाचं मर्म इथंच आहे. जे उपाय लहान उद्योजकाला तक्रार करायला लावत नाहीत, तेच खरे चालतात. असे दोन उपाय गेल्या काही वर्षांत उभे राहिले आहेत.

पहिला आयकराचा. 2023 च्या वित्त कायद्यानं आयकर कायद्यात कलम 43बी(एच) घातलं आणि ते 1 एप्रिल 2024 पासून लागू झालं. आयकर कायदा 2025 मध्येही ही तरतूद कायम आहे. सूक्ष्म वा लघु उद्योगाला 15 किंवा 45 दिवसांच्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. म्हणजे 31 मार्चला मुदत उलटलेलं तुमचं बिल थकीत असेल, तर त्या रकमेवर त्या वर्षी खरेदीदार कर भरतो. हे त्याच्या सीएच्या लगेच लक्षात येतं, तुम्हाला भांडावं लागत नाही. यातली मेख अशी, की धाक वर्षअखेरीचाच आहे. जूनचं बिल डिसेंबरात दिलं, तर खरेदीदाराचं कराचं काहीच बिघडत नाही. तेव्हा थकबाकीचं लेखी स्टेटमेंट, उद्यमच्या दर्जासह, फेब्रुवारीत पाठवावं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उशीर होतो. या कलमाची दुसरी बाजूही आहे. 2024 च्या सुरुवातीला सुरतच्या कापड बाजारात यावरून मोठी अस्वस्थता होती, कारण तिथली उधारीची रीतच 45 दिवसांपलीकडची.

दुसरा उपाय मला जास्त मोलाचा वाटतो. ट्रेड्स नावाची ही व्यवस्था रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानं चालते. सिडबी आणि नॅशनल स्टॉक एक्स्चेंज यांच्या भागीदारीतला आरएक्सआयएल हा मंच 2017 मध्ये सुरू झाला. इनव्हॉइसमार्ट आणि एम1एक्सचेंज हेही त्यातलेच. काम असं चालतं. तुम्ही बिल मंचावर चढवता. खरेदीदार ते ऑनलाइन मान्य करतो, आणि एकदा मान्य केलं की ठरलेल्या तारखेला पैसे देणं त्याच्यावर बंधनकारक होतं. मग बँका आणि फॅक्टरिंग कंपन्या त्या बिलावर व्याजदराची बोली लावतात. तुम्ही सर्वात कमी दराची बोली निवडता आणि साधारण दुसऱ्या दिवशी व्याज वजा जाऊन रक्कम खात्यात येते. मुदतीच्या दिवशी खरेदीदाराच्या खात्यातून पैसे आपोआप बँकेकडे जातात.

यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे व्याजदर खरेदीदाराची पत पाहून ठरतो. तुमच्या ताळेबंदात दम नसला, तरी पार्टी मोठी आणि भक्कम असेल तर दर कमी लागतो. तारण लागत नाही. आणि खरेदीदारानं पैसे बुडवले, तरी बँक तुमच्याकडे वसुलीला येत नाही. वरच्याच उदाहरणातले मूळ 10 लाख घ्या. 60 दिवसांसाठी 8 टक्क्यांची बोली मिळाली, तर खर्च होतो साधारण 13,150 रुपये. तोच पैसा महिना दोन टक्क्यांनी बाहेरून उचलला, तर 40,000. लहान वर्कशॉपमध्ये या फरकातून एका कामगाराचा पगार निघतो.

अडचण एकच, पण मोठी: खरेदीदार मंचावर असला पाहिजे आणि त्यानं बिल मान्य केलं पाहिजे. 250 कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची केली आहे, त्यासाठी 31 मार्च 2025 ही मुदत होती. पण नोंदणी सक्तीची असली तरी प्रत्येक बिल तिथंच मान्य करण्याची सक्ती नाही. ही पळवाट बुजवायला हवी, असं माझं ठाम मत आहे. तोवर उद्योजकानं ऑर्डरची बोलणी करतानाच विचारावं: ट्रेड्सवर बिल घ्याल का? दर ठरवताना हा प्रश्न सहज निघतो, बिल अडकल्यावर काढला तर तो भांडणासारखा वाटतो. खरेदी विभागाऐवजी फायनान्स विभागाकडे विचारलं तर उत्तर लवकर मिळतं, कारण नोंदणीचं काम त्यांच्याकडेच असतं.

राहिली तक्रार. ती ऑनलाइन करता येते आणि राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते. तिथं आधी तडजोड आणि नंतर लवाद होतो. निकालाला कायद्यात 90 दिवस दिलेत, प्रत्यक्षात अनेकदा बरेच जास्त लागतात. मात्र निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि खरेदीदाराला त्याला कोर्टात आव्हान द्यायचं असलं, तर निकालातल्या रकमेच्या 75 टक्के आधी कोर्टात भरावे लागतात. त्यामुळे ज्या पार्टीशी संबंध संपले आहेत आणि जिची थकबाकी मोठी आहे, तिच्यासाठी हा रस्ता योग्य. थकबाकी तीन वर्षांची होऊ देऊ नये. सोबत पीओ, शिक्क्याचं चलन, बिल, उद्यम प्रमाणपत्र आणि आलेल्या-न आलेल्या पैशांचा खातेउतारा जोडावा.