खापर कुठले?

शिरड शहापूरच्या पांढरीत एखाद्या विद्यार्थ्याला चकाकणारे निळसर खापर दिसले, तर ते कुठले हे कसे ओळखावे? केवळ रंगावर विसंबू नये. तेच तांबे सोडायुक्त काचलेपात फिरोजी दिसते, शिसेयुक्त लेपात हिरवे. म्हणून तुटलेली कड पाहावी. पिवळसर, मऊ, पाणी शोषणारी माती असेल, तर पश्चिम आशियाची शक्यता वाढते. गुजरातच्या किनाऱ्यावरील संजाणच्या उत्खननात (२००२-०४) अशी फिरोजी खापरे मिळाली. पांढरीशुभ्र, घट्ट, पाणी न शोषणारी असेल, तर चीन किंवा अलीकडचा कारखाना. पुढची खात्री प्रयोगशाळेत, मूलद्रव्यांचे प्रमाण ज्ञात नमुन्यांशी ताडून होते. मात्र खापर गावात केव्हा आले, हे मातीचा थरच सांगतो. तेव्हा मुलांना सांगावे : उकरू नका, जागा टिपून ठेवा.