गप्पी मासे : पैदास हौदातून पाणवठ्यापर्यंत

पावसाळा सुरू झाला, की गावोगावी डास-प्रतिबंधाच्या कामास वेग येतो. पैदास हौदातील गप्पी मासे बादलीत भरून आणले जातात, पडीक विहिरीत किंवा गुरांच्या हौदात सोडले जातात आणि नोंदवहीत ‘मासे सोडले’ अशी नोंद होते. आठ दिवसांनंतर त्यांतील किती मासे जिवंत आहेत, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. मासे मेलेले असल्यास तो हौद कागदोपत्री सुरक्षित ठरतो, त्यावर दुसरा कोणताही उपाय योजला जात नाही आणि डासांच्या अळ्या तेथे निर्वेधपणे वाढत राहतात.

गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील व त्रिनिदाद बेटावरील मासा. त्रिनिदादहून त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठविणारे रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी यांच्यावरून त्याला हे नाव पडले. काचेच्या पेटीत हौसेने पाळले जाणारे रंगीबेरंगी शेपटीचे गप्पी याच जातीचे होत. याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असल्यामुळे त्याला पृष्ठभागालगतच्या अळ्या सहज टिपता येतात. शिवाय पाण्याच्या अगदी वरच्या थरातील प्राणवायूचा उपयोग करून घेता येत असल्याने तो गढूळ पाण्यातही तग धरतो. मादी अंडी न घालता दर चार आठवड्यांच्या सुमारास जिवंत पिलांना जन्म देते. या गुणांमुळे तो काटक मासा म्हणून प्रसिद्धी पावला आहे, आणि त्या प्रसिद्धीमुळेच त्याची हलवाहलव निष्काळजीपणे होते.

वस्तुतः वाईट पाणी सोसणे निराळे आणि पाण्यातील अचानक बदल सोसणे निराळे. माशाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते. दुपारी जीपमध्ये तापलेल्या बादलीतून थंडगार विहिरीत पडलेल्या माशाला त्या बदलाशी जुळवून घेण्यास अवधीच मिळत नाही. पाण्यातील क्षार आणि आम्लता यांच्यात एकाएकी फरक पडला, तरी असाच धक्का बसतो. धक्का बसलेला मासा लगेच मरतोच असे नाही. तो पोहत खोल जातो, सोडणाऱ्याचे समाधान होते, आणि एकदोन दिवसांनी तो मरतो. हाताळताना अंगावरील बुळबुळीत थर खरवडला गेल्यास काही दिवसांनी तेथे कापसासारखी बुरशी दिसू लागते. म्हणून मासे हाताने पकडू नयेत. मऊ कापडाच्या जाळीने किंवा भांड्याने पाण्यासकट उचलावेत.

नेण्यापूर्वी एक दिवस माशांना खाद्य देऊ नये. त्यामुळे वाटेत पाणी कमी घाण होते. ज्यांचे पोट फुगून शेपटीकडचा डाग गडद झाला आहे, अशा पिले होण्याच्या बेतातील माद्या मागे ठेवाव्यात, कारण प्रवासाच्या ताणाने त्यांना अकाली पिले होण्याचा संभव असतो. भांड्यात पैदास हौदातीलच पाणी अर्ध्यापर्यंत घ्यावे, वरून ओले गोणपाट टाकावे आणि सकाळच्या किंवा संध्याकाळच्या गारव्यात निघावे. थंड पाण्यात प्राणवायू अधिक सामावतो : २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात.

पाणवठ्यावर पोहोचल्यानंतरचा अर्धा तास सर्वांत महत्त्वाचा असतो. उघड्या बादलीतून आणलेल्या माशांच्या बाबतीत तेथील पाणी तांब्यातांब्याने, थांबून थांबून बादलीत मिसळावे. प्राणवायू भरलेल्या बंद पिशवीची रीत थोडी वेगळी आहे. पिशवीत साचलेल्या कर्बवायूमुळे पाणी आम्लधर्मी बनते आणि माशांच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया त्या पाण्यात फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच कर्बवायू निघून जातो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. यास्तव पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी. उघडल्यावर मात्र रेंगाळू नये. थोडे पाणी मिसळून मासे लगेच बाहेर घ्यावेत.

एवढी काळजी घेऊनही एका कारणाने सारे श्रम वाया जातात. ते कारण म्हणजे टी.सी.एल. पावडर. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणासाठी ती आवश्यकच आहे. परंतु त्यातील क्लोरीन माशांचे कल्ले जाळते. एका कर्मचाऱ्याने सायंकाळी मासे सोडावेत आणि दुसऱ्याने सकाळी त्याच विहिरीत पावडर टाकावी, असा प्रकार टाळणे अवघड नाही. कोणती विहीर शुद्धीकरणाची आणि कोणती माशांची, हे ग्रामपंचायत व आरोग्य कर्मचारी यांनी एकत्र बसून आधीच ठरवावयास हवे. नळाचे पाणी पैदास हौदात घ्यावयाचे झाल्यास ते उघड्या पिंपात एकदोन दिवस ठेवून मगच वापरावे. नव्या सिमेंटच्या हौदातही लगेच मासे सोडू नयेत. सिमेंटमधील चुना पाण्यात उतरतो. तो हौद दोन-तीन आठवडे भरून ठेवावा व मधून मधून पाणी बदलावे.

गप्पी हा परदेशी मासा आहे, हेही विसरून चालणार नाही. नदी, ओढा, नैसर्गिक तळे यांत तो सोडल्यास तेथील स्थानिक लहान माशांच्या अन्नात व जागेत वाटेकरी होतो. बंदिस्त व कोठेही वाहून न जाणारे पाणी हीच त्याची जागा. घरातील रांजण-पिंपांसाठी तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणे हाच सोपा उपाय आहे.

मासे सोडल्यावर दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी तेथे जाऊन पाहावे. मेलेले मासे काढावेत. पृष्ठभागावर धापा टाकणारे किंवा कल्ल्यांमागचे पर अंगाशी मिटून तळाशी बसलेले मासे दिसल्यास पाण्यात दोष आहे असे समजावे. आठ दिवसांनी पांढऱ्या भांड्यात पाणी घेऊन अळ्या मोजाव्यात. शाळेतील मुले हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली आवडीने करू शकतील. नोंदवहीत ‘सोडले’ या रकान्याशेजारी ‘आठव्या दिवशी आढळले’ असा आणखी एक रकाना आखण्यास कोणाच्याही मंजुरीची आवश्यकता नाही. तो रिकामा राहिला, तर त्या पाणवठ्यावर मासे पुन्हा सोडावयाचे की अळीनाशक वापरावयाचे, याचा निर्णय त्याच आठवड्यात घेता येईल.