घाट उतरताना ‘बी’वर टाका

कागलहून गोव्याला निघालेली गाडी निपाणीला महामार्ग सोडते, उत्तूर, आजरा करत आंबोली गाठते आणि तिथून सावंतवाडीच्या अंगाने थेट कोकणात उतरते. या वाटेवर एक जुनी सवय अजून दिसते. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, तेवढंच पेट्रोल वाचतं! साध्या गाडीतही हे धोक्याचं. हायब्रीड गाडीत तर वाचण्याऐवजी उलट नुकसान होतं.

२०२२ मध्ये टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा बाजारात आल्या. दोन्ही बेंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यात तयार होतात. त्यांच्या ‘स्ट्राँग हायब्रीड’ प्रकारात दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जोडीला इलेक्ट्रिक मोटर आणि ०.७६ युनिट वीज साठवणारी बॅटरी असते. कंपनीने सांगितलेलं मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर. याच गाड्या ‘माइल्ड हायब्रीड’ प्रकारातही मिळतात, पण त्यांचा गिअरबॉक्स निराळा असल्याने पुढचं वर्णन त्यांना लागू पडत नाही.

स्ट्राँग हायब्रीडमधल्या गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी म्हणतात. क्लचचं पेडल नसलेल्या स्वस्त गाड्यांमधली एएमटी म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स; फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम यंत्र करतं. म्हणून गिअर पडताना हलका झटका बसतो. ई-सीव्हीटीमध्ये क्लचच नाही आणि बदलायला पहिला-दुसरा गिअरही नाही. आत दात्यांच्या चाकांचा एक संच असतो, त्याला प्लॅनेटरी गिअर म्हणतात. मधल्या चाकाला जनरेटर, त्याभोवती फिरणाऱ्या छोट्या चाकांच्या चौकटीला इंजिन आणि बाहेरच्या कड्याला गाडीची चाकं जोडलेली. जनरेटरचा वेग कमी-जास्त केला की इंजिन आणि चाकं यांच्या वेगाचं प्रमाण आपोआप बदलतं. झटका बसणार कुठून?

म्हणूनच चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि गाडी मात्र सावकाश वेग घेते. नव्याने हायब्रीड चालवणाऱ्याला वाटतं, क्लचप्लेट गेली. क्लचप्लेटच नाही, तर जाणार काय! चढावर थांबायचं असेल तर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी तोलू नये, कारण जागच्या जागी ताण घेणारी मोटर तापते. ब्रेकच दाबावा. तो सोडल्यावर ‘हिल होल्ड’ दोनेक सेकंद गाडी मागे जाऊ देत नाही, तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर यायला हवा.

आता उतार. गिअरची दांडी ‘डी’वर, म्हणजे ड्राइव्हला, असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला किंवा ब्रेक दाबला की मोटर जनरेटर बनते, चाकांच्या फिरण्यातून वीज तयार होऊन बॅटरीत जाते. ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलला, हे बंद पडतं. ज्या उतारावर फुकटची वीज मिळायची, तिथेच आपण ती सोडून देतो आणि सगळा भार ब्रेकच्या पॅडवर टाकतो.

पण आंबोलीसारख्या घाटात ‘डी’सुद्धा पुरत नाही. माणसं आणि सामान धरून १,६०० किलोची गाडी ६०० मीटर खाली आली, तर उंचीतून सुमारे २.६ युनिट ऊर्जा मोकळी होते. हवेचा आणि रस्त्याचा अडथळा त्यातली काही खातो, तरी उरते ती ०.७६ युनिटच्या बॅटरीला झेपणारी नसते. घाट संपण्याआधीच बॅटरी भरते. अशा वेळी दांडी ‘बी’वर टाकायची. मग पेट्रोल न जाळता इंजिन नुसतं फिरवलं जातं आणि त्याचा अडथळा गाडीला रोखून धरतो. आवाज मोठा होतो, मागे बसलेले घाबरतात, पण तो बिघाड नव्हे. सपाटीला आलं की पुन्हा ‘डी’. सपाट रस्त्यावर ‘बी’ ठेवला तर मायलेज घटतं.

दुसरी परीक्षा घाटाइतकी लांबही नाही. गळीत हंगामात कागल परिसरातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. शेतातून वर येणारी चाकं डांबरावर चिखल सोडतात, वर उसाचा पाला पडतो. वळणावर एका बाजूची चाकं त्यावर गेली की गाडी फिरू पाहते. अशा वेळी ईएससी, म्हणजे गाडीला घसरण्यापासून सावरणारी यंत्रणा, कामाला येतं. टोयोटा त्याला व्हीएससी म्हणते, मारुती ईएसपी. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय, याची तुलना ते सतत करत असतं. फरक पडला की एकाच चाकाला ब्रेक लावतं. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर पुढचं बाहेरचं चाक, गाडी वळायलाच तयार नसेल तर मागचं आतलं.

ईएससीची गरज जगाला १९९७ मध्ये नीट कळली. त्या ऑक्टोबरात स्वीडनमध्ये अचानक समोर आलेलं जनावर चुकवण्याच्या चाचणीत मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीने त्या गाडीत ही यंत्रणा सरसकट बसवली. त्याच वर्षी डिसेंबरात जपानमध्ये टोयोटाची पहिली प्रियस विक्रीला आली, म्हणजे आजच्या हायब्रीडची पूर्वजच. आपल्याकडे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचं आहे. आणि ईएससी नसेल तर सुरक्षेची पारख करणारी ‘भारत एनकॅप’ चाचणी गाडीला तीन किंवा जास्त तारे देत नाही. गाडी घेताना आपण निवडलेल्या प्रकारात ते आहे का, हे विचारायलाच हवं.

डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकलं तर यंत्रणा काम करतेय. ॲक्सिलरेटर सोडून जायचंय तिकडे स्टिअरिंग धरावं. ते चित्र सतत पेटून राहिलं तर यंत्रणा बंद तरी आहे किंवा बिघडली तरी. टायर गुळगुळीत झाले असतील तर मात्र कोणतंही ईएससी हतबल असतं; खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली जाऊ देणं कायद्यानेही चालत नाही.

शेताच्या वाटेवर चिखलात रुतल्यावर हीच यंत्रणा चाकं फिरू देत नाही. तेव्हा बटण दाबून ती तेवढ्यापुरती बंद करावी आणि बाहेर पडताच चालू करावी. ट्रॅक्टरने ओढून गाडी वर काढली आणि ती सुरूच झाली नाही, तर तशीच दोरी बांधून गॅरेजपर्यंत नेऊ नये. पुढची चाकं मोटरला कायमची जोडलेली असल्याने ती फिरली की मोटरही फिरते आणि खराब होऊ शकते. पुढची चाकं उचलून घेणारी क्रेन किंवा सपाट पाटीचा ट्रकच बोलवावा.