वर्डप्रेस की आणखी काही? आधी कृतिदेवचे बघा

1 नोव्हेंबर 2000 रोजी रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले आणि पुढच्या काही वर्षांत इथल्या शाळा, ट्रस्ट, मंडळे, दुकाने यांनी हौसेने वेबसाइट करून घेतल्या. कुणी फ्रंटपेजमध्ये, कुणी ड्रीमवीव्हरमध्ये, आणि पहिल्या पानावर फ्लॅशचे फिरते चित्र. त्या आता नव्याने बांधायची वेळ आली आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत पहिलाच प्रश्न निघतो, "कशात बनवायची?" त्यावर ठाम मते पडतात आणि त्यातली बरीचशी चुकीची असतात.

सर्वांत महागात पडणारे मत म्हणजे "अजून चालतेय ना, मग कशाला हात लावायचा?" फ्लॅश निदान उघडपणे गेले: 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने ते बंद केले आणि 12 जानेवारी 2021 पासून त्यातला मजकूर दिसणेही थांबवले. अनेक साइट ज्यावर चालतात त्या पीएचपी 5.6 चे तसे नाही. त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या 2018 च्या अखेरीस थांबल्या, तरी पान उघडतच राहते. वेबसाइट बनवण्याच्या साधनांपैकी जूमलाची तिसरी आवृत्ती ऑगस्ट 2023 मध्ये आणि ड्रुपलची सातवी आवृत्ती जानेवारी 2025 मध्ये त्याच वाटेने गेली. साइट दिसायला ठणठणीत असते, पण नवे भगदाड सापडले तर ते बुजवण्याची अधिकृत जबाबदारी कुणावरच उरलेली नसते.

दुसरा समज पैशाचा. वर्डप्रेस फुकट आहे हे खरे, पण डोमेन, होस्टिंग आणि वरचेवर करावी लागणारी अपडेट फुकट नाहीत. उलट एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून खरोखरच मोफत मिळते. कोटेशनमध्ये त्याची वेगळी रक्कम लावलेली दिसली, तर ती कशाची ते जरूर विचारा.

"नवीन तंत्रज्ञान घ्या, रिअ‍ॅक्टमध्ये करा" असे सांगणाराही कुणीतरी असतोच. पदाधिकारी, कार्यक्रम, फोटो आणि हॉलचे भाडे एवढीच दहा पाने असतील, तर त्याची काही गरज नाही. ह्यूगो किंवा जेकिल यांसारखी साधने मजकुरावरून तयार एचटीएमएल पाने करून देतात. मागे डेटाबेस नसतो, त्यामुळे फोडण्यासारखेही फारसे काही राहत नाही. मात्र सचिवांना स्वतः घरून बातमी टाकायची असेल तर त्यांना कमांड लाइन शिकवत बसू नका, सरळ वर्डप्रेस घ्या. साइट बांधणारा मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला तर ती कोण चालवणार, यावर साधन ठरते. सरकारनेही हेच केले आहे. रायपूर आणि नागपूर या दोन्ही जिल्ह्यांच्या साइट शेजारी-शेजारी उघडून पाहा, सांगाडा एकच दिसेल, कारण दोन्ही एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या एस-थ्री-वास या सामाईक वेबसाइट-सेवेवर आहेत. दिसायला कंटाळवाणे आहे, पण देखभाल एका जागेहून होते. माझ्या मते हा शहाणपणा आहे.

आता खरा घोळ. "मजकूर काय, कॉपी-पेस्ट करू," असे म्हणणाऱ्याने जुन्या पानाच्या आत डोकावलेले नसते. त्या काळचा देवनागरी मजकूर बहुधा कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीच्या फाँटमध्ये असतो. पडद्यावर दिसते देवनागरी, पण साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. कृतिदेवमधले 'रायपूर' म्हणजे जे, के, अर्धविराम, आय, डब्ल्यू, जे. फाँट गेला की एवढेच हाती उरते, आणि गूगलला तर ते कधीच रायपूर म्हणून दिसलेले नसते.

युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. 'कार्यकारिणी' हाच शब्द घ्या. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे बरोबर उलट: कृतिदेवमध्ये तो 'य'नंतर येतो, युनिकोडमध्ये 'र्' आधी असतो. एकाच शब्दात दोन उलट उड्या. त्यात बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले, त्यामुळे 'वऱ्हाड', 'कऱ्हाडे' असे शब्द हाताने तपासावे लागतात. देणगीदारांची यादी तर मराठी वाचणाऱ्या माणसाकडूनच वाचून घ्यावी. आजोबांचे आडनाव चुकले तर नातू पुढची पावती फाडताना ते बोलून दाखवतो. बजेटमध्ये डिझाइनच्या आधी या कामाचे पैसे धरा.

पानांच्या पत्त्यांबद्दल थोडक्यात. "गूगल शोधून घेईल" हा भरवसा पुरेसा नाही. जुन्या पानांची यादी करून प्रत्येक पत्ता नव्या पानाकडे 301 रीडायरेक्टने वळवायला लावा. नाहीतर इतरांनी वर्षानुवर्षे दिलेल्या लिंक 'पान सापडले नाही'वर जाऊन आपटतील.

आणि कोटेशन मागवण्याआधी एक काम आजच करा: डोमेन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर नोंदलेले आहे ते तपासा. जुन्या डिझायनरच्या किंवा माजी सचिवांच्या नावावर निघाले, तर आधी ते संस्थेच्या नावावर करून घ्या, साधनाची चर्चा त्यानंतर.