जखम कधीपासूनची?



त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा आजार, आपल्या सावळ्या कातडीला त्याचे काय, असे अनेक जण म्हणतात. परिचारिका म्हणून पाड्यांवर फिरू लागले तेव्हा माझाही समज तोच होता.

त्यात थोडे तथ्य आहे. त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हातले अतिनील किरण बरेचसे अडवते. त्यामुळे आपल्याकडे हा कर्करोग कमी आढळतो. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा ऊन न लागणाऱ्या जागी असतो: तळपायावर, नखाखाली किंवा भाजल्याच्या जुन्या व्रणावर. तिथे कोणी पाहत नाही, म्हणून तो उशिरा कळतो.

एका पाड्यावरच्या मावशींची पोटरी लहानपणी चुलीत भाजली होती. जूनमध्ये त्या व्रणावर जखम दिसली. मी पट्टी बांधली आणि पुढच्या घरी गेले. पावसाळा संपल्यावर परत गेले, तेव्हा जखमेच्या कडा जाड होऊन वर आल्या होत्या. "मावशी, ही कधीपासूनची?" मी विचारले. "होळीपासनं आहे, सिस्टर." जूनमध्ये मी हे विचारलेच नव्हते. जिल्ह्याच्या दवाखान्यात तुकडा तपासला, कर्करोग निघाला. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. मावशी आज कुबडीवर चालतात.

तेव्हापासून काही सवयी मी घरोघरी सांगते.

रात्री पाय धुताना तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहा. नवा काळा डाग, वाढणारा तीळ किंवा नखातली रुंदावणारी काळी रेघ दिसली तर डॉक्टरांना दाखवा.

भाजल्याचा जुना व्रण कोरडा पडू देऊ नका. खोबरेल तेल लावा, घासला जाऊ नये म्हणून झाकून ठेवा. कोणतीही जखम चार आठवड्यांत भरली नाही, किंवा भरून पुन्हा फुटली, तर पाला बांधून वाट पाहू नका.

उन्हाची काळजी तरीही घ्यावीच. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हा ऊन सर्वांत तीव्र असते. त्या वेळी जमेल तितके सावलीत राहा. जन्मतः मेलॅनिन नसलेल्या किंवा फारच कमी असलेल्या, पांढऱ्या केसांच्या मुलांना मात्र उन्हाचाच मोठा धोका आहे. त्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि छत्री रोज हवी. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे मलम मिळाले, तर उघड्या त्वचेवर दर दोन तासांनी लावावे.

आता माझ्या वहीत प्रत्येक जखमेपुढे ती कधी झाली ते लिहिलेले असते. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना वाकून स्वतःचे तळवे पाहता येत नसतील. आज रात्री त्यांच्यासाठी ते तुम्ही पाहा.