उन्हाळ्यात खताला पाणी कुठून आणायचे?

मराठवाडा, विदर्भ, सोलापूर भागात मार्च लागला की घरोघरी एकच तक्रार असते: ड्रममध्ये टाकलेला कचरा कुजत नाही, वाळून खडखडीत होतो. कचरा कुजवतात ते सूक्ष्म जीव, आणि त्यांना ओल लागते. मोठ्या ढिगाच्या पोटातली उष्णता 60 अंशांच्या वर जाते, ती याच जीवांच्या कामाची. उन्हाची नव्हे. तेव्हा लवकर व्हावे म्हणून ड्रम गच्चीवर उन्हात ठेवू नका. तो जिन्याखाली किंवा झाडाच्या सावलीत ठेवा.

हे जुन्या जाणकारांनी ओळखले होते. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला बसवलेल्या पद्धतीत कोरड्या दिवसांत दोन फूट खोल खड्डा वापरत आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग रचत. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांची 'नाडेप' टाकी विटांची, भोकांची. पण वरून ती शेणमातीने लिंपून घेतात आणि लिंपणाला तडा गेला की पुन्हा बुजवतात. सारा खटाटोप ओल राखण्याचा.

पण जिथे टँकरची वाट पाहावी लागते, त्या घरात खतासाठी हंडाभर पाणी मागायचे कुणी? मागूही नये. वापरून झालेले पाणी पुरते. तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले. वुजूच्या पाण्यात साबण नसतो. नळाखाली टब ठेवला तर पाच जणांच्या घरात दिवसाकाठी चांगले पाणी साठते. हे पाणी कचऱ्यावर ओतणे काहींना रुचत नाही. त्यांनी ते थेट झाडांना घालावे. साबणाचे आणि खारट पाणी मात्र नको. कलिंगडाच्या साली बारीक चिरून टाकल्या तर त्यांचेच पाणी कितीतरी दिवस पुरते. वर भिजवलेले गोणपाट अंथरा. मातीचा माठ वापरत असाल तर त्याच्या अंगातूनही पाणी उडते, म्हणून गोणपाट बाहेरूनही गुंडाळावे.

ओल किती हवी? मूठभर कचरा घट्ट पिळावा. बोटांच्या फटीत एखाद-दोन थेंब दिसले की पुरे. धार लागली तर सुका पाला घाला, नाहीतर वास सुटेल.

सध्या बकरी ईद उन्हाळ्यातच येते. बोकडाच्या लेंड्या आणि उरलेला चारा फेकू नका. लेंड्या टणक असतात, रात्रभर भिजवून मग ड्रममध्ये टाकाव्या. हाडे, आतडी मात्र त्यात अजिबात नकोत; उंदीर आणि कुत्री मागे लागतात.

आठवड्यातून एकदा काठीने खालवर करा. फेब्रुवारीअखेर भरलेला ड्रम मृगाच्या सुमारास तयार होतो: रंग काळसर, वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा. चाळून घ्या. चाळणीवर उरलेले जाडेभरडे पुढच्या ड्रमच्या तळाशी घाला, विरजणासारखे.