चिखलाचं अभयारण्य : ठाणे खाडी

वाशीच्या खाडीपुलावर दोन्ही कडांना उंच जाळ्या लावल्या आहेत. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी निर्माल्याच्या पिशव्या पाण्यात भिरकावू नयेत म्हणून. तरी कुठून तरी पिशवी खाली जातेच. खाडी म्हणजे नको ते टाकून मोकळं होण्याची जागा, ही आपल्या हाडीमाशी खिळलेली समजूत. त्या पुलापासून उत्तरेला मुलुंड-ऐरोली पुलापर्यंतचा पट्टा मात्र सरकारी कागदावर अभयारण्य आहे, हे रोज तिथून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे.

६ ऑगस्ट २०१५ रोजी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र साधारण १,६९० हेक्टर. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि बाकीचं खाडीचं पाणी नि चिखल. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२१मध्ये त्याच्याभोवती सुमारे ४८ चौरस किलोमीटरचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आखलं गेलं आणि २०२२मध्ये नांदूर मध्यमेश्वर व लोणार यांच्यापाठोपाठ राज्यातलं तिसरं रामसर स्थळ म्हणून ठाणे खाडीचं नाव महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेलं. एका बाजूला भांडुप, कांजूर, विक्रोळी. दुसऱ्या बाजूला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे. इतक्या दाटीवाटीत एवढी मोकळी जागा उरली, कारण तिच्यावर पाय ठेवला की माणूस गुडघाभर रुततो. भरावाचे डंपर चिखलाला जुमानत नाहीत, हे आपल्याला पुढे कळलंच.

लोक इथे येतात ते रोहित पाहायला. फ्लेमिंगोचं हे मराठी नाव. कुणी अग्निपंखही म्हणतात. १९९४च्या सुमारास शिवडीच्या बंदरालगत ते मोठ्या संख्येने दिसू लागले आणि नंतर खाडीभर पसरले. अलीकडच्या काही हंगामांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या म्हणजे बीएनएचएसच्या गणनेत आकडा लाखाच्या वर गेला. त्यात बहुसंख्य लहान रोहित. मोठे त्या मानाने कमी. दोघांचीही वीण कच्छच्या रणात होते. नोव्हेंबर-डिसेंबरपासून इकडे येऊ लागतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. २०२२मध्ये बीएनएचएसने काही पक्ष्यांवर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रं बसवली, तेव्हा ठाणे खाडी आणि गुजरातचा किनारा यांच्यातली त्यांची ये-जा नकाशावर उमटली.

रोहिताचं खाणं जवळून बघण्यासारखं असतं. मान खाली सोडून तो चोच चक्क उलटी पाण्यात धरतो. जीभ आत-बाहेर होत पाणी ओढते नि फेकते, आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांत शेवाळ अडकून राहतं. लहान रोहिताचं पोट मुख्यतः या सूक्ष्म निळ्या-हिरव्या शेवाळावर चालतं. गुलाबी रंगही अन्नातूनच येतो. थव्यात मळकट राखी दिसणारी असतात ती पोरं, त्यांना रंग चढायला दोन-तीन वर्षं लागतात.

आता थोडं अप्रिय. हे शेवाळ इथे एवढं माजतं कशामुळे? भरतीच्या पाण्याला निचऱ्याची वाट अरुंद, वर दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी खाडीत. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसतं आणि शेवाळावर रोहित. म्हणजे पक्ष्यांची गर्दी झाली म्हणून खाडी निरोगी, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. रोहितांच्या गुलाबी फोटोखाली ‘निसर्ग परततोय’ असं लिहिणाऱ्यांनी एकदा ओहोटीला काठाचा वास घ्यावा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांची घाणही कैक वर्षं इथेच उतरली आहे, आणि खाडीतल्या मासळीला सांडपाणी रोहितांसारखं मानवत नाही.

माझ्या मते इथला खरा ऐवज पक्षी नाहीत, चिखल आणि तिवर आहेत. बाकीचं सगळं त्यांच्या जिवावर. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवनातून काढलेली पायवाट आहे. तिथल्या तिवराच्या पानाला जीभ लावून बघा, खारट लागतं. मुळांनी खारं पाणी ओढायचं आणि नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकायचं, ही या झाडाची तऱ्हा. उन्हाच्या वेळी पानावर मिठाचे बारीक कणही दिसतात. बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं सरळ वर आलेली असतात, ती श्वास घेण्यासाठी, कारण खालच्या चिखलात हवा नाही. बी झाडावर असतानाच कोंबाची तयारी करतं. खाली पडलं की भरती नेईल तिथे जाऊन थोड्याच दिवसांत मूळ धरतं.

तिवराखेरीज इथे कांदळ आहे, चिप्पी आहे, काजळा आहे. पांढऱ्या चिप्पीला तर २०२०मध्ये राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. या मुळांच्या जाळ्यात कोळंबीची नि माशांची पिल्लं वाढतात. चिखलात किडे, खेकडे, शिंपले. त्यांच्यावर तुतवार, शेकाटे, उचाटे, कुरव, सुरय. पक्ष्यांच्या जातींची नोंद दोनशेच्या आसपास जाते. कांदळवनात सोनेरी कोल्हेही राहतात. मुंबईत बिबट्या असतो हे सगळ्यांना माहीत झालं, कोल्ह्याची बातमी अजून फारशी पोचलेली नाही.

आणि कोळी. चेंदणी, दिवे, घणसोली, वाशी ही गावं शहरं व्हायच्या आधीपासून खाडीवर जगत आली. मार्च १७३७मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने साष्टीत उतरून ठाण्याचा किल्ला घेतला (आज तिथे तुरुंग आहे), तोही ही खाडी ओलांडूनच. पुढे १८५४मध्ये तिच्यावर रेल्वेचा पूल झाला आणि गाडी कल्याणला गेली. पण इतिहासाच्या पुस्तकात न येणारी खाडी कोळ्यांच्या तिथीत आहे: पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग, त्यावर ठरणार जाळं कधी लावायचं आणि होडी कधी काढायची. बोय, शिंगाळा, कोळंबी, चिंबोऱ्या, चिखलातले खुबे आणि निवट्या. पाण्याबाहेर पंखांवर सरपटत चालणारा हा मासा चिखलात बीळ करून राहतो आणि बाजारात जिवंतच विकला जातो. आगरी-कोळी घरांत त्याच्या कालवणावर लोक जीव टाकतात. पिकनिकवाल्यांना तो दिसतही नाही, कारण सगळ्यांच्या दुर्बिणी वर.

कायद्याने खाडीला बरीच साथ दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये कांदळवन तोडीवर बंदी घातली आणि २०१८च्या निकालात कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला ठरवला. २०१२मध्ये वनविभागात कांदळवन कक्ष उभा राहिला. विक्रोळीत गोदरेजने आपल्या ताब्यातलं कांदळवन त्याआधीपासून जपलं आहे. हे सगळं मोलाचं. पण एक गोम आहे. भरतीला चिखल बुडतो, तेव्हा लाखभर रोहितांनी टेकायचं कुठे? ते जातात भांडुपच्या पाणथळीत, नेरूळच्या डीपीएस तळ्यावर, एनआरआय संकुलामागच्या पाणथळीत, उरणकडे पाणज्याला. या जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर. तिथे पाण्याची वाट बुजली की पक्षी दिवसाचा निम्मा वेळ बेघर. २०२४च्या उन्हाळ्यात डीपीएस तळ्यात पाणी खेळायचं थांबलं आणि तिथे रोहित मेल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरवर उतरत्या विमानाला थवा आपटून ३९ पक्षी गेले. नंतर २०२५मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मंजुरी दिली. एका तळ्यावर भागणार नाही; भरतीच्या वेळच्या सगळ्या जागा याच खाडीचा भाग धरून राखल्या नाहीत, तर मधलं अभयारण्य रिकामं पडेल.

जायचं असेल तर जानेवारी ते मार्च हे महिने सर्वांत चांगले. ठाणे-वाशी मार्गावरच्या ऐरोली स्थानकावरून केंद्रापर्यंत रिक्षा मिळते. होडीची फेरी भरती-ओहोटीच्या हिशेबाने सुटते, तेव्हा आधी आरक्षण करा आणि ‘अकरा वाजता का नाही’ म्हणून कर्मचाऱ्यांशी वाद घालू नका. होडीत आरडाओरडा नको. आणि कुठल्याही कांदळवनात डेब्रिजचा डंपर रिकामा होताना दिसला, तर नुसता व्हिडिओ काढून थांबू नका. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.